थंडीपासून पळताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

हिवाळ्यात सहकुटुंब उबेच्या शोधात निघणाऱ्यांची पत्रं या महिन्यात बरीच आली. हॉटेल, तिकिटं, फिरायची ठिकाणं ही मधल्या दिवसांची तयारी बहुतेकांची चोख असते. गाडं अडतं ते निघण्याच्या दिवशी, पोहोचल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत आणि परतीच्या रात्री. त्यामुळे अशाच प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: गेल्या जानेवारीत 'बारमाही ऊन' अशी ख्याती असलेल्या किनाऱ्यावर गेलो आणि आठवडाभर खोलीतून पाऊस बघत बसलो. ठिकाण निवडताना नेमकं काय बघायचं?

वर्षाची सरासरी बघू नका, तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्या महिन्याचे चार आकडे बघा: दिवसाचं कमाल तापमान, रात्रीचं किमान तापमान, पावसाचे दिवस आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान. यातला एखादा जरी सुटला तरी फसगत होते.

भूमध्य समुद्राचंच घ्या. उन्हाळ्यात तिथे आभाळ निरभ्र असतं, पण तिथला पावसाळा हिवाळ्यातच येतो. मायोर्का किंवा क्रीटला जानेवारीत गेलात तर स्वेटर आणि छत्री दोन्ही लागतील. कॅनरी बेटांवर त्या सुमारास दिवसा साधारण २० ते २१ अंश असतात. फिरायला झकास हवा, पण समुद्र १९ अंशांच्या आसपास. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे हवेत सुखद वाटणारे वीस अंश पाण्यात लहान मुलांचे ओठ निळे करतात. मुलांना तासन्‌तास डुंबायचं असेल तर पाणी २५ अंशांच्या वर हवं, नाहीतर गरम पाण्याचा तलाव असलेलं हॉटेल.

एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांची हवाही वेगळी असू शकते. थायलंडमध्ये अंदमान समुद्राकडचं फुकेत डिसेंबर ते मार्च बऱ्यापैकी कोरडं असतं. थायलंडच्या आखाताकडच्या को सामुईला मात्र नोव्हेंबरात सर्वात जास्त पाऊस पडतो आणि डिसेंबरातही तो रेंगाळतो. उत्तर ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो आणि त्याच काळात तिथल्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणून डिसेंबरनंतरचे महिने बरे.

आणखी दोन सापळे. पहिला उंचीचा: दर हजार मीटर चढलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. कीटो हे शहर विषुववृत्ताला अगदी खेटून आहे, पण ते सुमारे २८५० मीटरवर असल्यामुळे तिथे संध्याकाळी जाकीट घालावंच लागतं. दुसरा वाळवंटाचा: दुपारी टी-शर्ट, रात्री पारा एक अंकी. तिथे जाणार असाल तर मुलांच्या गरम टोप्या घरी ठेवू नका.

एक आवर्जून सांगतो. मुलं लहान असतील आणि सुट्टी आठवड्याचीच असेल तर शक्यतो उत्तर-दक्षिण दिशेने जा. घड्याळ फारसं बदलत नाही, त्यामुळे झोपेचं खोबरं होत नाही. वेळेतल्या एका तासाच्या फरकाशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाताना हे जास्त जड जातं. आठ तासांच्या फरकाच्या ठिकाणी सात दिवसांसाठी गेलात तर मुलांची झोप बसेल त्या दिवशी परतीचं विमान असेल.

प्रश्न: दोन आठवडे घर बंद राहणार. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली जातो. नळाचे पाइप फुटू नयेत म्हणून काय करावं? हीटिंग पूर्ण बंद केलं तर चालेल का?

हीटिंग पूर्ण बंद करू नका. थर्मोस्टॅट १२ ते १३ अंशांवर ठेवा. घरातल्या हवेला तेवढं पुरतं, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या पाइपांना कधी कधी पुरत नाही. म्हणून सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाका, म्हणजे खोलीतली ऊब आत पोहोचते.

पाइप का फुटतो हे समजलं की पुढची कामं आपोआप सुचतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. पण बर्फ जमतो तिथेच पाइप फाटतो असं नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो तसं त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं, आणि दाब असह्य झाला की तिथला कमकुवत जोड सुटतो. त्यामुळे बर्फ एकीकडे आणि फूट दुसरीकडे, असं अनेकदा दिसतं. नळ उघडा असेल तर हा दाब साचत नाही. पाइपात पाणीच नसेल तर प्रश्नच मिटला.

क्रम असा ठेवा. आधी गिझरची वीज किंवा गॅस बंद करा. मग घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. सर्वात वरच्या मजल्यावरचा नळ उघडा म्हणजे पाइपात हवा शिरेल, नंतर सर्वात खालचा नळ उघडून पाणी निचरू द्या. गरम आणि थंड दोन्ही बाजू उघडा. थंड बाजूचं पाणी निघालं की काम झालं असं समजून गरम बाजू विसरणारे पुष्कळ असतात. फ्लश एकदा ओढा, टाकीत उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळीतही पाणी राहतं. बागेतली रबरी नळी भिंतीवरच्या नळाला लावलेली राहिली तर तो नळ हमखास जातो, ती आठवणीने काढा.

सिंकखालच्या वळणदार पाइपातलं पाणी मात्र काढायचं नसतं, कारण गटाराचा वास तेच अडवतं. हीटिंग बंद पडण्याची भीती असेल तर त्यात प्रोपिलीन ग्लायकॉलचं बिनविषारी अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव, ओता. गाडीचं नेहमीचं अँटिफ्रीझ नको, ते इथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि विषारी असतं.

घरात गरम पाण्याचे रेडिएटर असतील तर त्यांचं पाणी काढू नका. ती बंद यंत्रणा असते. बॉयलर मंद चालू ठेवायचा, एवढंच. इमारतीत आग विझवणारे फवारे असतील तर मुख्य व्हॉल्व्हला हात लावण्यापूर्वी त्यांची पाइपलाइन वेगळी आहे ना, हे विचारून घ्या.

शेजाऱ्याकडे किल्ली देऊन दोन-तीन दिवसांनी एक फेरी मारायला सांगा. घराच्या विम्यात अनेकदा अशी अट असते की हिवाळ्यात घर रिकामं असताना हीटिंग चालू हवं किंवा कुणीतरी ठरावीक अंतराने बघून जायला हवं. निघण्यापूर्वी पॉलिसीतलं ते कलम वाचा, नुकसान झाल्यावर वाचून उपयोग नाही.

मागे वीज गेली होती का हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पेलाभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि पेला तिथेच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर ठीक. तळाशी गेलं असेल तर वीज बराच वेळ गेली होती, फ्रीजरमधलं सगळं टाकून द्या.

परतल्यावर मुख्य व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. नळ उघडे ठेवून हळूहळू सोडा. आधी हवा फुसफुसेल, मग धार लागेल. गिझरची टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय त्याची वीज सुरू करायची नाही, कोरड्या टाकीत कॉइल जळते. एखाद्या नळाला पाणीच आलं नाही तर पाइप गोठलेला आहे. केस वाळवायच्या ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे ऊब द्या, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. उघडी ज्योत कधीही लावू नका.

प्रश्न: विमानतळापर्यंत दीड तास गाडीने जायचंय, बाहेर कडाक्याची थंडी. दीड वर्षाच्या मुलीला जाड कोट घालून कार सीटमध्ये बसवलं तर चालेल ना?

नाही. जाड कोटात हवा भरलेली असते. धडक बसली की ती क्षणात दबते आणि घट्ट वाटणारे पट्टे सैल पडतात.

स्वतः पडताळून बघा. मुलीला कोट घालून सीटमध्ये बसवा, पट्टे नेहमीसारखे आवळा. आता पट्ट्यांची लांबी न बदलता तिला बाहेर काढा, कोट उतरवा आणि पुन्हा बसवून बक्कल लावा. खांद्याजवळचा पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. त्याची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. कोटासकट बसवलं असताना बहुतेक वेळा इतकी जागा सुटते की हातच आत जातो.

पातळ लोकरी कपड्यांचे दोन थर घाला, पट्टे आवळा, आणि मग वरून पांघरूण टाका किंवा कोट उलटा करून बाह्यांत हात घाला. तोंडावर काहीही येता कामा नये. गाडी आधी दहा मिनिटं मोकळ्या जागेत गरम करून ठेवली तर निम्मं काम होतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, विषारी वायू साचतो.

पोहोचल्यावर टॅक्सीत सीट मिळेल की नाही हे आधी विचारा. उन्हात उभ्या गाडीत सीटचं धातूचं बक्कल चटका देण्याइतकं तापतं, बसवण्यापूर्वी हात लावून बघा.

प्रश्न: मुलाला सर्दी आहे आणि चार दिवसांनी विमान. कान दुखतील का?

दुखू शकतात, विशेषतः विमान उतरताना. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. उतरताना तो वाढतो आणि बाहेरची हवा मधल्या कानात शिरायला हवी असते. नाकामागून कानाकडे जाणारी नळी सर्दीने सुजलेली असली की हवा शिरत नाही आणि पडदा आत ओढला जातो.

ही नळी गिळताना उघडते. म्हणून उतरायला सुरुवात होते तेव्हा, म्हणजे जमिनीवर टेकण्यापूर्वी साधारण अर्धा तास, मुलाला जागं करा. झोपेत माणूस कमी वेळा गिळतो. तान्ह्या बाळाला अंगावर किंवा बाटलीने पाजा, मोठ्याला स्ट्रॉने घोट घोट पाणी द्या. कान आधीच ठणकत असेल, ताप असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवाच. नाक मोकळं करणारे फवारे मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

प्रश्न: गरम हवेत उतरलो की पहिले दोन दिवस सासरे गळून जातात, चक्कर येते. ते रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. काय जपावं?

थंडीला सरावलेलं शरीर उकाड्याला लगेच सरावत नाही. घाम लवकर सुटणं, घामातलं मीठ कमी होणं, रक्तातलं पाणी वाढणं हे बदल पूर्ण व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे आठवड्याच्या सहलीत तुम्ही पूर्ण सरावणारच नाही हे धरून चाला. पहिले तीन दिवस दुपारी सावलीत किंवा खोलीत राहा. भटकंती सकाळी आणि ऊन कललं की. पहिल्याच दिवशी भर दुपारी गडावर चढायचा बेत आखणाऱ्या जावयाला आमचं सांगणं एवढंच की तो बेत पाचव्या दिवसावर ढकला.

उकाड्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही जातं, त्यामुळे पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून 'गरम ठिकाणी जातोय, दाब अमुकच्या खाली गेला तर काय करू?' असं थेट विचारा आणि रक्तदाबाचं यंत्र सोबत घ्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती पाणी प्यायचं हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

बाकीच्यांसाठी लघवीचा रंग हा सोपा मापक आहे. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. जुलाब किंवा भरपूर घाम झाला तर नुसतं पाणी पुरत नाही. जलसंजीवनीची पाकिटं नेलेली उत्तम. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो, त्यामुळे चमचा सपाट करूनच मोजा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. तातडीची मदत बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न: चौघांसाठी सनस्क्रीनची एक बाटली पुरेल का?

एक दिवससुद्धा पुरणार नाही. बाटलीवर छापलेला एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला त्या हिशेबाने सुमारे ३० मिलिलिटर लागतं. मुलांना निम्मं धरा. दोन मोठी, दोन मुलं म्हणजे एका वेळी ९० मिलिलिटर, आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. दिवसातून तीनदा लावलं तरी २७० मिलिलिटर झालं. बहुतेक लोक याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि मग क्रीमला दोष देतात.

म्हणून लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट, मानेवर झालर असलेली टोपी आणि सावली हे आमच्या मते क्रीमपेक्षा भरवशाचं. मग क्रीम चेहरा, हातापायांपुरतं राहतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीत आणि कपड्यांत ठेवा, क्रीमवर विसंबू नका.

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर ऊन कडक आहे. पातळ ढगांतूनही अतिनील किरणांचा बराच भाग खाली येतो, त्यामुळे अंगाला गार वाटलं म्हणून गाफील राहू नका. आणि 'आधी थोडं रापून घेऊ, मग त्रास होणार नाही' हा समज सोडा; रापलेली त्वचा जेमतेम तीन-चार एसपीएफइतकं संरक्षण देते. डासांसाठीचं औषध लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर औषध.

प्रश्न: इन्सुलिन आणि पॉवर बँक कुठल्या बॅगेत?

दोन्ही हातातल्या बॅगेत. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे ते थंडीत उभ्या गाडीच्या डिकीतही ठेवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. पॉवर बँक साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंत चालते. मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणून हजाराने भागा: २०,००० ची झाली ७४ वॉट-तास. पॉवर बँकेवरचा आकडा पुसलेला असेल तर तपासणीत ती ठेवून घेतली जाऊ शकते.

प्रश्न: मुलांना पोहायला येतं. समुद्रात सोडायला हरकत नाही ना?

तलावात पोहता येणं आणि समुद्रात पोहता येणं यांत फरक आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्याच पट्ट्यात उतरा. तिथे जीवरक्षकांचं लक्ष असतं. लाल झेंडा म्हणजे धोका जास्त, अनेक ठिकाणी तर उतरायला बंदीच; दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, जांभळा म्हणजे डंख करणारे जलचर.

किनाऱ्याकडून आत खेचणारा रिप करंट ओळखायला शिका. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतोय, तो बहुधा तोच. नवख्या पालकांना तीच जागा सुरक्षित वाटते, हीच मेख आहे. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमछाक होते. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. हवा भरलेली खेळणी समुद्रात नकोत. जमिनीकडून वारा असला तर ती बघता बघता आत जातात. पोहता न येणारं मूल पाण्यात असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, फोन खिशात ठेवून.

प्रश्न: परतताना सगळ्यांचे कोट मोठ्या बॅगेत टाकले तर हातातलं ओझं कमी होईल?

होईल, पण ती बॅग आलीच नाही तर सगळे चपला-सदऱ्यावर बर्फात उभे राहाल. कोट हवा काढणाऱ्या पिशवीत दाबून हातातल्या बॅगेत घ्या. मोजे, बंद बूट आणि टोपी विमानातच चढवा. दमट हवेतून आलेले ओले पोहण्याचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा.

बॅग खरंच आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा मॉन्ट्रियल करार लागू असणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग मोडली तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बॅगेचा आणि आतल्या सामानाचा फोटो निघतानाच काढून ठेवा.

विमानतळावर उभी असलेली गाडी सुरू झाली नाही तर बॅटरी बहुधा उतरलेली असते. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याच्या काही अंशांखालीच गोठते, भरलेली सहसा गोठत नाही. कवच फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर जंप केबल लावू नका. फुटण्याचा धोका असतो, बॅटरी बदलावीच लागेल.